सेशनबाहेरचे तास

ऑटिझम असलेल्या मुलांसोबत काम करायचं म्हणून जे तरुण या क्षेत्रात येतात, त्यांच्या डोळ्यांसमोर कामाचं एक ठरलेलं चित्र असतं. रंगीत मॅट घातलेली खोली, छताला टांगलेला झोका, कोपऱ्यात ट्रॅम्पोलिन, टेबलावर चित्रांची कार्डं. आत एक थेरपिस्ट आणि एक मूल. बाहेर बाकावर मोबाइल बघत बसलेली आई. पंचेचाळीस मिनिटं झाली की दार उघडतं, ‘आज छान बसला हं’ एवढं एक वाक्य आईच्या पदरात पडतं आणि पुढचं मूल आत जातं. बहुतेक सेंटरं अशीच चालतात, त्यामुळे चित्र खोटं नाही. पण त्यात आई दाराच्या चुकीच्या बाजूला बसली आहे. मुलाभोवतीच्या मोठ्या माणसांना शिकवणं हा आमच्या कामाचा गाभा आहे, असं माझं मत आहे. मुलाला खोलीत घेऊन काम करणं हा त्या गाभ्याकडे जायचा रस्ता. आणि आमच्याकडची भरती, पगार, अभ्यासक्रम, बढती हे सगळं मात्र रस्त्याच्याच लांबीवर मोजलं जातं.

आधी साधा हिशोब मांडू. ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), स्पीच आणि स्पेशल टीचर मिळून आठवड्याला तीन सेशन म्हटली, तरी सामान्य मध्यमवर्गीय घराची ओढाताण सुरू होते. तीन सेशनचे होतात सव्वादोन तास. चार-पाच वर्षांचं मूल आठवड्यात नव्वदेक तास जागं असतं. म्हणजे पावणेअठ्ठ्याऐंशी तास ते आमच्याखेरीज इतरांच्या हातात आहे. यावर एक उत्तर असं, की मग सेशनचेच तास वाढवा. त्या उत्तराला मोठा आधार आहे तो इव्हार लोव्हास यांच्या १९८७ च्या लॉस एंजेलिसमधल्या अभ्यासाचा. १९ लहान मुलांना आठवड्याला ४० तास, दोन वर्षं आणि काहींना त्याहून जास्त काळ एकेकटं शिकवलं, आणि त्यातली ९ मुलं पुढे नेहमीच्या पहिलीच्या वर्गात बसली, असा तो दावा. मुलं कोणत्या गटात घालायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, आणि त्या पद्धतीत शिक्षेलाही जागा होती. या दोन्ही गोष्टींवर पुढे भरपूर टीका झाली. तरी ‘४० तास’ हा आकडा जगभर चिकटला. गंमत अशी, की लोव्हास यांनीच १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला आधीचा अभ्यास फारसा कोणी सांगत नाही. उपचार थांबल्यावर काय झालं, हे त्यात पाहिलं होतं. ज्यांच्या आईवडिलांना शिकवलं होतं ती मुलं टिकून राहिली, काही पुढेही गेली; जी संस्थेत परत गेली त्यांनी मिळवलेलं गमावलं. तासांचा पुरस्कार करणाऱ्या माणसाच्याच कागदांत हे लिहिलेलं आहे.

ऑटिझमच्या इतिहासात आणखी मागे गेलं तरी हाच धागा सापडतो. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ज्या ११ मुलांचं वर्णन केलं, त्यांतला पहिला डोनाल्ड. त्याला मिसिसिपीतल्या एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलं होतं. कॅनर १९४५ मध्ये तिथे गेले तेव्हा त्यांनी जे पाहिलं ते कुठल्याही उपचारपुस्तकात बसण्यासारखं आहे. पोराला मोजमापाचं वेड, तर त्याला विहीर खणायला लावून ती किती खोल गेली ते सांगायला लावलं. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत बसायचा, तर नांगर हातात देऊन नांगरता नांगरता मोजायला लावल्या. वेड मोडून काढलं नाही, त्यालाच कामाला जुंपलं. त्या जोडप्याकडे पदवी नव्हती; पोराकडे नीट बघायची सवय होती आणि दिवसभर तो त्यांच्यासोबत होता. पुढे एरिक शॉपलर यांनी नॉर्थ कॅरोलायनात आईवडिलांना सहउपचारक मानून आख्खी पद्धत उभी केली, तीच आज टीच नावाने ओळखली जाते. त्या काळी ‘थंड’ आईमुळे ऑटिझम होतो असं मोठमोठे डॉक्टर सांगत होते, हे लक्षात घेतलं म्हणजे शॉपलर यांनी केवढी उलटी दिशा धरली ते कळतं.

आमच्या जवळचा पुरावा मात्र गोव्यातला आहे. ब्रिटनमध्ये पॅक्ट नावाची एक पद्धत १५२ मुलांवर तपासली गेली होती. २०१० मध्ये तिचे निष्कर्ष आले. थेरपिस्ट मुलाला हातच लावत नाही. आई किंवा वडील मुलाशी खेळतात, त्याचं चित्रण होतं आणि मग थेरपिस्ट त्यांच्यासोबत बसून ते पाहते. उपचार संपताना ऑटिझमच्या लक्षणांत फार फरक दिसला नाही, पण सुमारे सहा वर्षांनी तीच मुलं पुन्हा तपासली तेव्हा तो दिसला. हीच पद्धत सोपी करून गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे ६५ मुलांवर तपासली गेली. गोव्यात हे काम ‘संगाथ’ या संस्थेने केलं. इथे घरोघरी जाणाऱ्या व्यक्ती तज्ज्ञ नव्हत्या. त्यांना या कामापुरतं प्रशिक्षण होतं आणि पाठीशी देखरेख होती. आईवडिलांचं वागणं मुलाच्या कलाने घेणारं झालं आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली, हे स्पष्ट दिसलं. भाषेच्या चाचण्यांत मात्र ठोस फरक आढळला नाही आणि एकत्र लक्ष देण्याचं एक माप तर घसरलं. हे सांगायलाच हवं, कारण आमच्या व्यवसायात अर्धा निष्कर्ष सांगून पूर्ण फी घ्यायची खोड फार.

हे काम जवळून कसं दिसतं? मूल जमिनीवर आडवं पडून गाडीचं चाक डोळ्यांजवळ धरून फिरवतंय. आई समोर बसलीय आणि विचारतेय : “ही काय आहे? कलर कोणता? सांग ना, कलर कोणता? काऊ कसा ओरडतो?” प्रश्नांमागून प्रश्न. मूल पाठ फिरवतं. नवखी थेरपिस्ट इथे आईला बाजूला करून स्वतः खेळायला लागते, आणि मूल तिच्याशी छान खेळतंही. त्याने आईला फक्त एवढंच कळतं, की हे आपल्याला जमत नाही. जाणकार थेरपिस्ट तेच दहा मिनिटांचं चित्रण आईला दाखवते आणि त्यातली तीन सेकंदं हुडकते : आई चहाचा कप उचलायला गप्प झाली, आणि मुलाने चाक थांबवून तिच्याकडे पाहिलं. तिथे चित्र थांबवून ती म्हणते, “हे बघा ताई, इथे तुम्ही थांबलात.” मग पुढची कामं : प्रश्न कमी करा, शेजारी दुसरी गाडी घेऊन बसा, एकच शब्द, ‘गरगर’, आणि थांबा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजेपर्यंत थांबा. हेच रात्री आंघोळीला करायचं. दोन तांबे पाणी घालायचं, तिसरा तांब्या डोक्यावर धरून थांबायचं. मूल वर बघेल, हात तांब्याला लावेल, एखादा आवाज काढेल. त्याच क्षणी पाणी ओतायचं. ‘पाणी म्हण, मगच देईन’ असं मात्र करायचं नाही. इथे लागणारं कसब कुठल्याही कार्डांच्या गठ्ठ्यात नाही. कोणती तीन सेकंदं निवडायची, आईला न दुखवता काय बोलायचं, आज एकच गोष्ट सांगायची की दोन, हे अनुभवी हाताखाली बसूनच शिकावं लागतं.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप आयांकडूनच येतो, आणि तो रास्त आहे. मुलासाठी नोकरी सोडलेली, सासूकडून ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ ऐकणारी, रात्री तीन-तीनदा उठणारी बाई. तिच्या डोक्यावर आता थेरपिस्टचंही काम ठेवायचं? पॅक्टसारख्या पद्धतीत घरी रोज अर्ध्या तासाचा सराव अपेक्षित असतो. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहत असतील तर तो अर्धा तास कुठून आणायचा? म्हणून ‘होमवर्क’ या शब्दाला माझा विरोध आहे. वेगळा वेळ मागणारी योजना बहुतेक घरांत पंधरवड्यात गळते. आंघोळ, जेवण, कपडे घालणं, शाळेची व्हॅन येईपर्यंत जिन्यात थांबणं, हे तर घडतच असतं. त्यात काय बदलायचं एवढंच सांगावं. आणि ‘पालक’ म्हणताना फक्त आई धरायची सवयही सोडायला हवी. वडील, आजी, बालवाडीच्या बाई, व्हॅनवाले काका यांना दोन-दोन गोष्टी सांगितल्या तर आईचा भार हलकाच होतो. सेंटर त्यांना कधी बोलावत नाही, हा दोष आईचा नाही.

दुसरा आक्षेप व्यवसायातूनच येतो : गोव्यात तज्ज्ञ नसलेल्यांनी हे केलं, तर साडेचार वर्षांची ओटीची पदवी आणि चार वर्षांचा स्पीचचा अभ्यासक्रम कशासाठी? पण त्या कार्यकर्त्यांच्या मागे देखरेख करणारे होते, म्हणूनच ते काम उभं राहिलं. शिवाय न बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवणतपासणी झाली आहे ना, मध्येच शून्यात बघणं म्हणजे झटका तर नाही, तीनच पदार्थ खाणाऱ्या मुलाला गिळायला त्रास आहे की पोताचा तिटकारा, स्वतःला मारून घेणारं मूल दाढदुखीने तर मारत नाही, बोलणं येणार नसेल तर चित्रांचं किंवा टॅबचं साधन कोणतं, हे ठरवायला प्रशिक्षित डोळा लागतो. अशा मुलांना एकेकट्याने, सलग, तज्ज्ञाच्याच हाताखाली काम हवं असतं, आणि तिथे माझा आग्रह मी मागे घेते. पण सरसकट सगळ्या मुलांना याच मापाने तास विकणं वेगळं.

ऑटिझम असलेली मोठी माणसं आता स्वतः बोलू-लिहू लागली आहेत. हात हलवणं दाबून टाकलं, जबरदस्तीने डोळ्यांत बघायला लावलं, त्याचा त्रास वर्षानुवर्षं राहिला, असं त्यांतले अनेक जण सांगतात. बंद खोलीत ध्येय एकटी थेरपिस्ट ठरवते तेव्हा ते टेबलाकडे झुकतं : खुर्चीत बसणं, डोळ्यांत बघणं, कार्ड उचलणं. घर सोबत असलं की ध्येयं बदलतात. केस कापताना रडू नये, लग्नाच्या मांडवात बँड सुरू झाला तर कानांवर काही घालून अर्धा तास बसता यावं, पोट दुखतंय हे दाखवता यावं. ही मुलाच्याही फायद्याची असतात.

आता पोटापाण्याचं. सेंटरचा मालक म्हणेल, खोली रिकामी ठेवून आईशी गप्पा मारल्या तर भाडं कोण भरणार? आणि पालकही विचारतात, ‘आज मुलाला किती वेळ घेतलं?’ थेरपिस्टला टक्केवारीवर पैसे मिळत असतील तर दिवसाला आठ मुलं घेणं तिला भाग पडतं, नोंदी रात्री घरी बसून लिहाव्या लागतात आणि चार-पाच वर्षांत चांगली माणसं या कामाला रामराम ठोकतात किंवा परदेशाची वाट धरतात. अमेरिकेत विम्याने तासांचे पैसे द्यायला सुरुवात केल्यावर तास वाढवण्यातच धंद्याचं हित निर्माण झालं. तिथे हे काम प्रत्यक्ष करणाऱ्या तंत्रज्ञाला किमान ४० तासांचं प्रशिक्षण पुरतं. त्या प्रमाणपत्राच्या जाहिराती आपल्याकडेही दिसतात, पण ते देणाऱ्या अमेरिकी मंडळाने २०२३ पासून भारतासारख्या देशांतले नवे अर्ज घेणं थांबवलं आहे, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावं. आपल्याकडे स्पीच थेरपिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि स्पेशल टीचर यांची नोंदणी १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. ओटींसाठी महाराष्ट्रात स्वतंत्र परिषद आहे. नोंदणीशिवाय व्यवसाय करणाऱ्याला १९९२ च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. हजार रुपये म्हणजे मुंबईतल्या एखाद-दुसऱ्या सेशनची फी. मग बिगरनोंदणीवाले कशाला घाबरतील?

सरकारी वाट आहे, पण अरुंद. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच पालघरला झाली आणि त्यातून जिल्ह्यांत लवकर हस्तक्षेपाची केंद्रं उभी राहिली. तिथली पदं मुख्यतः कंत्राटी असतात. तरीही शिकायला मला ती जागा शहरातल्या चकचकीत सेंटरपेक्षा बरी वाटते, कारण तीस-चाळीस किलोमीटरवरून एसटीने येणारी आई महिन्यातून एकदाच येऊ शकते, आणि तिला शिकवून पाठवण्यावाचून तुमच्यापुढे दुसरा मार्गच नसतो.

नोकरीच्या मुलाखतीला जाताना म्हणूनच पगाराआधी तीन-चार गोष्टी विचाराव्यात. पालक सेशनमध्ये आत बसतात का? माझ्या कामावर देखरेख कोण करणार, आणि ती व्यक्ती आठवड्यातून एकदा तरी प्रत्यक्ष बसून पाहणार का? नोंदी लिहायचा वेळ ड्यूटीत धरला आहे का? आणि आईवडिलांना शिकवण्याच्या तासाची फी दरपत्रकात वेगळी लिहिलेली आहे की तो तास फुकट धरला आहे? शेवटच्या प्रश्नावर मालक गोंधळले तर समजावं, की तो तास तिथे होतच नाही.