मनी, हिरोशिगे आणि कुनियोशी

गेल्या नोव्हेंबरात आमची मनी गेली. चौदा वर्षांची होती. मी आठवीत असताना कोणीतरी आमच्या सोसायटीच्या गेटपाशी पिल्लू सोडून गेलं होतं, तीच ही. आईने मला आठ दिवसांनी फोनवर सांगितलं. "तुझं रिलीज होतं ना, म्हणून नाही बोलले." मी म्हटलं, "बरं केलंस." फोन ठेवला आणि निशी-कासाईच्या त्या काडेपेटीएवढ्या खोलीत अर्धा तास रडलो.

हसू नका. दुसऱ्या दिवशी ऑफिसात डोळे लाल बघून विचारलं तर "सर्दी झालीये" म्हणून सांगितलं. अठ्ठावीस वर्षांचा घोडा मांजरीसाठी रडला, हे सांगणार कोणाला?

शेजारच्या डेस्कवर एक कॅलेंडर होतं. नोव्हेंबरच्या पानावर एक पांढरं मांजर, आपल्याकडे पाठ करून खिडकीत बसलेलं. शेपूट आखूड. बाहेर संध्याकाळ, लांब फुजी, खाली जत्रेला निघालेली माणसांची रांग. हे हिरोशिगेचं 1857 सालचं चित्र, एदोच्या शंभर दृश्यांच्या मालिकेतलं. एदो म्हणजे आजचं तोक्यो. जत्रा नोव्हेंबरातली म्हणून पानही नोव्हेंबरचं. मला आधी वाटलं, काय निवांत मांजर आहे! मग डेस्कवाल्या गृहस्थांनी सांगितलं की ती खोली योशिवारातल्या एका वेश्येची आहे. तिथल्या बायकांना बाहेर पडायची मुभा नव्हती. चित्रात बाई दिसतच नाही. जमिनीवर तिच्या केसांतल्या पिना, खिडकीत टॉवेल आणि वाडगा, बस. बाहेर बघतंय ते मांजर. मी परत बघितलं आणि ते चित्र पहिल्यासारखं निवांत काही वाटेना.

माझं बघणं पाहून ते म्हणाले, मांजरं आवडत असतील तर कुनियोशी बघा. त्या शनिवारी जिम्बोचोला जुन्या पुस्तकांच्या गल्लीत जाऊन एक पुस्तक घेतलंच.

हा उतागावा कुनियोशी हिरोशिगेच्याच वयाचा, आणि पक्का मांजरवेडा. घरात मांजरंच मांजरं. एखादं पिल्लू किमोनोत छातीशी धरून चित्र काढत बसायचा म्हणे. हिरोशिगेने तोकाइदो रस्त्याचे 53 टप्पे रंगवून नाव कमावलं, तर याने 1850 च्या सुमारास त्याच टप्प्यांची मांजरं केली! सगळा शब्दांचा खेळ. रस्ता सुरू होतो निहोनबाशीला. याने लिहिलं 'निहोन दाशी', आणि मांजरापुढे ठेवले सुक्या माशाचे दोन तुकडे. म्हणजे शुद्ध पीजे. आमच्या कँटीनमध्ये खपला असता.

1842 मध्ये सरकारने नटांची आणि गणिकांची चित्रं छापायला बंदी घातली. गड्याने नटांचे चेहरे मांजरांना लावले. बघणाऱ्याला कोण ते बरोब्बर कळायचं. आम्ही याला वर्कअराउंड म्हणतो.

पण मी अडकलो ते वेगळ्याच ठिकाणी. कुनियोशीकडचं मांजर मेलं की तो ते एकोइन देवळात पोचवायचा आणि घरी मेलेल्या मांजरांसाठी वेगळा देव्हारा होता, नावाच्या पाट्यांसकट, असं सांगतात. एवढा नावाजलेला, शिष्यांचा गोतावळा असलेला माणूस, पण त्याने हे कोणापासून लपवलं नाही. सर्दी झालीये असं काही म्हणाला नाही.

एकोइन र्‍योगोकूला आहे, माझ्या घरापासून फार लांब नाही. 1657 च्या आगीत लाखभर माणसं मेली, त्यांच्यासाठी ते बांधलं. पुढे तिथे जनावरांनाही जागा मिळाली. रविवारी गेलो. उदबत्ती लावली, दोन मिनिटं उभा राहिलो. काय म्हणायचं ते काही सुचलं नाही, नुसतं "मने" म्हटलं.

बाहेर येऊन आईला फोन लावला. म्हटलं, "आई, त्या दिवशी मी खूप रडलो गं." ती जरा वेळ गप्पच. मग म्हणाली, "तिची वाटी अजून ओट्याखालीच आहे. उचलायला हातच होत नाही. बाबा हसतील म्हणून कोणाला बोलले नाही."

म्हटलं, राहू दे. मी आलो की बघू.

तिकीट बुक केलंय. असो. उद्या सोमवार, साडेनऊला स्टँडअप आहे. झोपतो आता.