ट्रॅक आपल्या पट्टीचा हवा

कोजागरी असो, गणेशोत्सवातला सोसायटीचा कार्यक्रम असो, हौशी गायक आता सर्रास डाउनलोड केलेल्या ट्रॅकवर गातात. तबला-पेटीचे साथीदार जमवणं, तालमी घेणं, मानधन देणं प्रत्येकाला परवडत नाही. ट्रॅकमुळे कितीतरी माणसं गाती झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. असे ट्रॅक तयार करणं हाच माझा व्यवसाय. खटकतं ते एवढंच, की मिळेल तो ट्रॅक घ्यायचा आणि गळा त्याच्या मापाचा करायला बघायचा.

कराओकेचा जन्म नेमका उलट झाला. जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए बारमध्ये गाणाऱ्या गिऱ्हाइकांना कीबोर्डवर साथ करत. एका गिऱ्हाइकाला सहलीत गायचं होतं, इनोउएंना सोबत जाणं शक्य नव्हतं. त्यांनी त्या गृहस्थांच्या गळ्याला आणि लयीला सोसेल अशी साथ टेपवर भरून दिली. १९७१ साली आलेलं त्यांचं यंत्र त्यातूनच सुचलं. म्हणजे मूळ टेप एका माणसाच्या गळ्याला बेतलेली होती.

आपल्याकडे पुरुष साधारण काळी एक-दोनमध्ये गातात, बायका काळी चार-पाचमध्ये. काळी एकचं गाणं काळी चारला न्यायचं, तर सात पट्ट्या वर किंवा पाच पट्ट्या खाली सरकावं लागतं. सॉफ्टवेअर हे क्षणात करतं, पण एक-दोन पट्ट्यांपलीकडे वाद्यांचा पोत टिकत नाही. सर्वांत आधी तबला फसतो. वर नेला की पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो, खाली आणला की डग्ग्याची घुमक चिखलात रुतते. प्रत्यक्ष मैफलीत पट्टी बदलली की तबलजी वेगळा तबला घेतो. म्हणून मी बायकांच्या आणि पुरुषांच्या पट्टीसाठी तबला दोनदा रेकॉर्ड करतो. खर्च वाढतो, त्याला इलाज नाही.

दुसरी पळवाट म्हणजे मूळ गाण्यातून आवाज काढून टाकणं. पूर्वी स्टिरिओतला मधला भाग रद्द करत. त्यात गायकाबरोबर डग्गाही जायचा, आणि जुन्या मोनो तबकड्यांवर तर ही युक्ती चालायचीच नाही. आता एआय तेही करतं. पण भावगीतात व्हायोलिन किंवा बासरी अनेकदा गायकाच्या सुराला चिकटून चालते. आवाज उपसताना ती ओरबाडली जाते आणि मागे गायकाच्या आवाजाची अस्पष्ट गुंज उरते. शिवाय ते ध्वनिमुद्रण दुसऱ्याच्या मालकीचं असतं. भारतात तो हक्क ६० वर्षं टिकतो.

खरी कसोटी लयीची. जुनी गाणी सगळा ताफा एकत्र बसून वाजवायचा. कानात क्लिक नसे, अंतऱ्याला लय किंचित चढे आणि मुखड्यावर स्थिरावे. तेच गाणं संगणकाच्या ठोक्यावर काटेकोर बसवलं की निर्जीव होतं. मी मूळ गाणं ऐकत तो चढउतार ट्रॅकमध्ये आखून घेतो. अंतऱ्याच्या तोंडाशी बासरीची छोटी जागा अशी ठेवतो, की तिचा शेवटचा सूर हाच गायकाचा पहिला सूर. प्रेक्षकांना ते कळतही नाही, पण गाणारा बिनचूक समेवर येतो.

गीतरामायणाचे ट्रॅक लोक हमखास मागतात. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या या ५६ गीतांत अंतरे पुष्कळ आहेत. कुणाला चार गायचे असतात, कुणाला सगळे. एकाच लांबीचा ट्रॅक त्यांना कसा पुरणार?

नाट्यपदांचे ट्रॅक मात्र मी करत नाही. तान कुठवर जाईल हे गायकालाच त्या क्षणी ठरवू द्यायला हवं, आणि ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. तिथे ऑर्गन आणि तबल्याची जिवंत साथच हवी.

तेव्हा ट्रॅक उतरवून घेण्याआधी ते गाणं नुसत्या तानपुऱ्यावर गाऊन पाहा. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सूर सहज लागतो ती तुमची पट्टी. ट्रॅक करणाऱ्याला पट्टी, लय आणि अंतरे किती, हे तिन्ही आधी कळवा. आणि कार्यक्रमात निवेदन करताना ट्रॅकवर वाजवणाऱ्या वादकांची नावंही घ्या.