रिसीव्हरची निवड

होम थिएटरचा रिसीव्हर निवडावयाचा म्हणजे वस्तुतः एका पेटीत दोन यंत्रे घ्यावयाची. एक ध्वनीला बळ देणारा ॲम्प्लिफायर. दुसरा, इंटरनेटवरून संगीत आणणारा लहानसा संगणक. या दोघांचे आयुर्मान सारखे नसते. ॲम्प्लिफायर 20 वर्षेही सुखेनैव चालतो. संगीतसेवा मात्र मालकाच्या मर्जीवर जगते. गूगल प्ले म्युझिक 2020 साली बंद झाले, तशी उद्या कोणतीही होईल.

वॅटच्या आकड्यांचाही मला मोह नव्हता. पेटीवरील आकडा बहुधा दोनच ध्वनिमार्ग चालू ठेवून मोजलेला असतो. शिवाय शक्ती दुप्पट केली तरी आवाज 3 डेसिबलनेच चढतो.

माझी अडचण निराळी होती. वडिलांच्या संग्रहातील अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या मी संगणकात उतरवून ठेवल्या आहेत. 1937 साली निवर्तलेल्या त्या गायकाचा सूर एकाच ध्वनिमार्गावर मुद्रित झालेला. तो सात दिशांना वाटून देणारे यंत्र मला नको होते. म्हणून घरच्या संगणकातील गाणी रिसीव्हरला घेऊ देणारी डीएलएनएची सोय, वाय-फायखेरीज नेटवर्कच्या तारेसाठी जागा, आणि ध्वनीवर कोणतीही प्रक्रिया न करता तो पुढे सोडणारी कळ, एवढेच मी पाहिले. डॉल्बी ॲटमॉससाठी छतात ध्वनिवर्धक बसविण्याचा विक्रेत्याचा आग्रह नम्रपणे नाकारला. मुलगा हिरमुसला, त्याला युद्धपटांतील विमाने डोक्यावरून जावयास हवी होती. त्याच्यासाठी मागचे दोन ध्वनिवर्धक तेवढे घेतले. खाँसाहेब गाऊ लागले, की ते गप्प असतात.