अमुक गावच्या एका गृहस्थांनी...

आम्हा मेकॅनिकलवाल्यांना डेट्रॉइट म्हटलं की फोर्ड आणि जनरल मोटर्स आठवतात. मला मात्र आठवतो एक म्हातारा कॉमेंटेटर, अर्नी हारवेल. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, तरीही!

डेट्रॉइट टायगर्स या संघाच्या सामन्यांचं धावतं वर्णन त्यांनी तब्बल ४२ सीझन केलं. लहानपणी हा माणूस नीट उच्चार जमत नाहीत म्हणून शिकवणीला जायचा, हे सांगूनही खरं वाटणार नाही. आणि १९४८ मध्ये त्यांना मिळवण्यासाठी ब्रुकलिनच्या संघाने अटलांटाच्या संघाला चक्क आपला एक कॅचर देऊन टाकला. कॉमेंटेटरच्या बदल्यात खेळाडू!

पण त्यांची खरी गंमत वेगळीच. बेसबॉलमध्ये फाउल गेलेला चेंडू प्रेक्षकांत पडला की ज्याच्या हाती लागेल त्याचा. हारवेल लगेच सांगायचे, हा चेंडू अमुक गावच्या एका गृहस्थांनी पकडला. रेडिओला कान लावून बसलेल्या पोरांना वाटायचं, यांना एवढे लोक ओळखू येतात तरी कसे? अहो, कसले ओळखू येतात! गावाचं नाव बिनधास्त ठोकून द्यायचे. पण आपल्या गावाचं नाव कधी येतंय, याची मिशिगनमधली पोरं वाट बघायची. ज्यांनी स्टेडियम कधी पाहिलंच नाही, त्यांच्याही गावाला हारवेलनी तिथे जागा मिळवून दिली.

१९९१ च्या सीझननंतर त्यांना काढलं गेलं, तेव्हा लोक भयंकर चिडले. शेवटी १९९३ मध्ये, मालक बदलल्यावर, ते परत आले आणि २००२ मध्ये निवृत्त झाले.

२००९ साल डेट्रॉइटला फार वाईट गेलं. क्रायस्लर आणि जनरल मोटर्स दोन्ही दिवाळखोरीत गेल्या. त्याच सप्टेंबरमध्ये हारवेलनी आपल्याला बरा न होणारा कॅन्सर असल्याचं सांगितलं. १६ तारखेला सामन्यादरम्यान ते मैदानात माइकसमोर उभे राहिले. रडगाणं नाही, तक्रार नाही. आपला प्रवास मिशिगनमध्ये संपतोय याचा आनंद बोलून दाखवला, लोकांच्या प्रेमाबद्दल आभार मानले, बस्स.

४ मे २०१० रोजी, ९२ व्या वर्षी, ते गेले. दोन दिवसांनी त्यांचं पार्थिव कोमेरिका पार्क स्टेडियममध्ये त्यांच्याच पुतळ्याजवळ ठेवलं होतं. दहा हजारांहून जास्त लोक दर्शनाला आले. कारखाने बंद पडत होते, माणसं शहर सोडून चालली होती, पण या रांगेत उभं राहायला शहराकडे वेळ होता.

मित्रांनो, टायगर्ससाठी या माणसाने एकही रन काढली नाही. मैदानात काय चाललंय ते घरी बसलेल्यांना नीट सांगितलं, एवढंच. हॉस्टेलवर पॅकेजच्या गप्पा रंगतात तेव्हा मला ती रांग आठवते.

आपल्यापैकी कुणी नोकरीनिमित्त डेट्रॉइटला गेलंच, तर त्या पुतळ्यापाशी जरा थांबा. आणि निघताना आपल्या गावाचं नाव सांगून या.