अंगणात हरवलेले सोने



वारीला गेल्यावर दर्शनाच्या रांगेत आपण एका चौकटीतून पुढे सरकतो. गळ्यात टाळ असले की ती चौकट ओरडते. बंदोबस्ताचा पोलीस टाळांकडे पाहतो आणि "चला माउली" म्हणून हात करतो. चौकटीला टाळ कळत नाहीत, भजन तर मुळीच कळत नाही. तिला फक्त धातू कळतो. तेच यंत्र आता हातात धरायच्या काठीच्या रूपाने मिळते, आणि त्याच्या मदतीने लोक अंगणात, परसात, घरामागच्या बागेत हरवलेले दागिने शोधतात. अंगठी, कुडी, जोडवे, मंगळसूत्राची वाटी. तुम्ही म्हणाल, बुवा उतारवयात सोन्याच्या मागे लागले की काय! तसे नव्हे. शोध कसा करावा हे शिकायला मिळाले तर वस्तू कोणतीही असो, कान द्यावा.

या काठीच्या टोकाला थाळीसारखी चकती असते. तिच्या आत तांब्याच्या तारेचे वेटोळे. त्यातून उलटसुलट फिरणारी वीज सोडली की भोवती चुंबकाचा प्रभाव तयार होतो आणि तो जमिनीत उतरतो. खाली धातू असला तर त्या धातूच्या अंगातही थोडी वीज घुमू लागते आणि तो आपला स्वतःचा प्रभाव वर पाठवतो. यंत्र तेवढेच ओळखते आणि आवाज करते. म्हणजे आधी वरून हाक जाते, मग खालून ओ येते. नामस्मरण करणाऱ्याला हे निराळे समजावून सांगायला नको.

आमच्या भावकीतल्या एका घरी घडलेले सांगतो. मार्गशीर्षातले दिवस, थंडी कडक. घरची धाकटी सून सकाळी परसात तण उपटत होती. मग हौदावर हात धुतले आणि स्वयंपाकाला लागली. संध्याकाळी पाहते तो बोटात अंगठी नाही. लग्नातली, सासूने घातलेली. घर धुंडाळले, राख चाळली, मोरी उपसली. नाही म्हणजे नाही. दुसऱ्या दिवशी घरात कुजबुज सुरू झाली. हौदाशेजारी भांडी कोण घासते? मावशी. आदल्या दिवशी लवकर कोण गेले? मावशी. बारा वर्षे त्या घरची भांडी घासणारी बाई एका रात्रीत चोर ठरली. कोणी म्हणाले, देवऋषीला बोलवा, मंत्रलेले तांदूळ चारा, जिच्या तोंडात ते कोरडे राहतील ती चोर.

मला विचारायला आले तेव्हा मी एवढेच म्हणालो, "आपल्या जनाबाईची कथा आठवा." पांडुरंगाचे पदक दिसेना, तेव्हा बडव्यांचा संशय कोणावर गेला? दळणकांडण करणाऱ्या दासीवर. तिला सुळावर द्यायला निघाले आणि सुळाचे पाणी झाले. ही कथा कीर्तनात ऐकताना आपण डोळे पुसतो. मग आपल्या मोरीवर बसलेली जनी आपल्याला का ओळखू येत नाही? आणि तांदळाचे म्हणाल, तर भेदरलेल्या माणसाचे तोंड कोरडेच पडते. त्यात चोरी सिद्ध होत नाही, भीती सिद्ध होते.

त्यांच्या नात्यातला एक मुलगा असे यंत्र बाळगून आहे. हौस म्हणून लोकांच्या वस्तू शोधून देतो, पैसे घेत नाही. त्याला बोलावले. यंत्र येताच वाड्यावरची पोरे गुप्तधन निघणार म्हणून भिंतीवर चढून बसली. त्याने हसून सांगितले, "गुप्तधन नाही रे बाबांनो, काकूंची अंगठी आहे." बरे केले त्याने. गुप्तधनाच्या नादाने काय काय अघोरी प्रकार होतात ते आपण जाणतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने त्यांना गुन्हा ठरवले आहे. शिवाय जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, असा १८७८ पासूनचा कायदा आहे. परक्याचे पुरलेले धन उकरणे निराळे आणि आपली पडलेली वस्तू शोधणे निराळे.

त्या मुलाने यंत्र भिंतीला टेकवून ठेवले आणि आधी सुनेला विचारायला बसला. अंगठी बोटात शेवटची केव्हा दिसली? तण कोणत्या हाताने उपटत होता? उपटलेले कुठे टाकलेत? टाकताना हात झटकला का? तो म्हणाला, थंडीत बोटे बारीक होतात, ओल्या मातीने निसरडी होतात आणि अंगठी नकळत उतरते. आपण शोधतो तिथे, जिथे हरवल्याचे लक्षात आले. वस्तू असते तिथे, जिथे लक्ष नव्हते. माउली, हे वाक्य मी मनात लिहून ठेवले आहे.

मग त्याने परसात सुतळ्या ताणून पट्टे पाडले. चकती जमिनीला जवळजवळ टेकवून, सावकाश, एक फेरा दुसऱ्या फेऱ्यावर थोडा चढवत तो चालला. उभे पट्टे संपले की तेच आडवे. यंत्र सारखे वाजत होते. काय काय निघाले सांगू? गंजके खिळे, बिजागरीचा तुकडा, बाटलीची बुचे, औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा चकचकीत पत्रा, एक घुंगरू. मी विचारले, "अरे, यंत्राला कचरा वगळायला सांगता येत नाही का?" तो म्हणाला, "येतो सांगता, आजोबा. लोखंड बरेचसे वगळता येते. पण हा चकचकीत पत्रा आणि लहान अंगठी यांचा आवाज जवळजवळ सारखाच येतो. पत्रा नको म्हणून तो आवाज बंद केला, तर सोन्याचाही आवाज बंद होतो. म्हणून प्रत्येक वेळी वाकायचे आणि पाहायचे." आणखी एक गंमत त्याने सांगितली. बारीक साखळी यंत्राला चकवते, कारण तिची एकेक कडी इवलीशी आणि सुटी असते; पदक असेल तर तेवढे बोलते. अंगठीचे कडे मात्र अखंड, म्हणून ती चांगली ओ देते.

पाहा, विवेक यंत्रात नाही. तो वाकणाऱ्या माणसात आहे. साधकाचेही असेच. विकार नको म्हणून मनाचे दारच लावून घेतले, तर भावही बाहेर राहतो. जे जे वाजेल ते उचलून, निरखून, असार बाजूला ठेवत जावे लागते. त्यात कंटाळा कामाचा नाही.

परसात अंगठी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने उकिरड्याकडेला टाकलेल्या तणाचा ढीग गोणपाटावर पसरला. तिसऱ्या घमेल्यात यंत्र बोलले. हरळीच्या मुळ्यांत, मातीच्या गोळ्यासकट अंगठी बसली होती. सोने गंजत नाही. पुसली आणि झाले.

घरात आनंद झाला. सुनेने मावशीचे पाय धरले. मावशी म्हणाल्या, "सापडलं ते बरं झालं, पोरी. पण नसतं सापडलं तर?" पुढच्या महिन्यापासून त्या त्या घरी कामाला आल्या नाहीत. लोक म्हणतात, यंत्राने तिला निर्दोष ठरवले. मला हे पटत नाही. ती आधीही निर्दोषच होती. अंगठी आजही मातीत असती तरीही ती निर्दोषच असती. त्या घरात अंगठीहून मोलाचे काहीतरी हरवले, आणि ते शोधायला कोणत्याही दुकानात काठी मिळत नाही.

आपल्या शास्त्रांनी हरवण्याचे दोन प्रकार पाहिले आहेत. छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात दृष्टांत आहे: शेतात पुरलेल्या सोन्यावरून माणसे रोज ये-जा करतात, पण जागा ठाऊक नसल्याने त्यांना ते मिळत नाही. दुसरा दृष्टांत कंठचामीकराचा. गळ्यातच असलेला अलंकार हरवला म्हणून बाई गावभर शोधते आणि कोणी दाखवला की मिळाला म्हणते. ही प्राप्ताचीच प्राप्ती. पहिल्याला जागा दाखवणारा हवा, दुसऱ्याला आरसा दाखवणारा. दोन्ही कामे गुरू करतो. पण मावशीचा विश्वास गेला तो या दोन्हींत बसत नाही. तो खरोखरच गेला.

राका आणि बांका यांची कथा तुम्ही ऐकली असेल. वाटेत सोने दिसले, बायकोला मोह नको म्हणून राकाने त्यावर माती लोटली. बांका म्हणाली, मातीवर माती कशाला घालता? आपण संसारी माणसे, तेवढी उंची आपल्याला नाही. सुनेने अंगठी शोधावी यात काही वावगे नाही. सोन्याला माती समजणे जमत नसेल तर नसो. सोन्यासाठी माणसाला माती समजू नये, एवढे तरी जमावे.

तेव्हा माउली, तुमच्या अंगणात असे काही हरवले तर लगेच झाडू फिरवू नका. वस्तू केराबरोबर जाते. केर, तण, शेणाचा पो उकिरड्यात कालवू नका, बाजूला ठेवा. शेवटची आठवण जिथली असेल तिथून मागे मागे जा. यंत्रवाला मिळाला तर बोलवा, आणि उकरलेली माती, हरळी पुन्हा जागेवर बसवायला सांगा. आणि शोध पुरा होईपर्यंत, नव्हे, शोध फसला तरीही, कोणाचे नाव तोंडातून काढू नका. अंगठी मिळेल किंवा दुसरी घडवता येईल. सोनार गावोगाव आहेत.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल.