पाणी कसं आहे तुमचं?

नर्सरीत शिरले की मी आधी नळ शोधते. नळाच्या तोंडाला, हौदाच्या काठाला, पाइपाच्या जोडावर पांढरा थर चढलेला दिसला की मला बरं वाटतं. सोबत आलेली मंडळी चक्रावतात. बाईला मचूळ पाणी आवडतं की काय! आवडतं कसलं? पण वैजापुरात आमच्या बोअरला तेच पाणी येतं. जे रोप असल्या पाण्यावर सहा महिने हिरवं राहिलं ते माझ्या दारातही राहील, एवढाच हिशेब. नर्सरीत पाणी गोड, वर दाट शेडनेट, खाली सतत ओल, आणि रोपं तेलकट हिरवी दिसली की मी पाकीट बाहेर काढत नाही.

माझं माहेर दापोलीकडचं. वडील आंब्याची कलमं बांधायचे. पाऊस सुरू झाला की पडवीत कोयींचे ढीग लागायचे, ओल्या पोत्यात काड्या गुंडाळलेल्या असायच्या आणि आम्हा पोरांकडे प्लास्टिकच्या पट्ट्या कापायचं काम असायचं. कोयीतून तांबूस कोंब वर आला की पंधरवड्याच्या आत त्याचा शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची, दोन्ही बाजूंनी तासलेली काडी तिच्यात बसवायची आणि पट्टी आवळायची. तिकडे नर्सरी शोधायला कुणी बाहेर पडत नाही, दर दुसऱ्या वाडीत कुणी ना कुणी कलमं करतंच. कृषी विद्यापीठही दापोलीतच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि जांभ्याची तांबडी, आंबट माती. काय लावावं यापेक्षा काय उपटावं हाच तिथला प्रश्न.

लग्न होऊन इथे आले तर सगळंच उलटं. पाऊस पाचशेच्या आसपास, तोही त्याच्या मनात आलं तर. वर काळी माती, तिच्यात चुनखडीचे खडे, खाली मुरूम, आणि एप्रिलमध्ये हात कोपरापर्यंत जाईल एवढ्या भेगा. अनंत किंवा एक्झोरा इथे जमिनीत लावला की नवी पानं पिवळी येतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असतं, पण चुन्यापायी मुळांना ते उचलता येत नाही. चिलेटेड लोह फवारून अशी झाडं जगवता येतात. हौस म्हणून एक अनंत मी कुंडीत ठेवलाय आणि पाहुण्यासारखी त्याची सरबराई करते. सगळ्या बागेची अशी सरबराई करायला माणसं आणि पैसे दोन्ही लागतात.

नव्या मुलखात नर्सरी शोधायची तर सुरुवात नर्सरीपासून करू नये, असं माझं ठाम मत आहे. आधी गावातली जुनी घरं बघावीत. वाड्यांची परसं, शाळांची आवारं, देवळामागची जागा. जिथे माळी नाही, ठिबक नाही, आणि तरीही झाड वीस-तीस वर्षं उभं आहे, तिथे त्या मातीने आपला निकाल दिलेला असतो. वैजापुरात फिरले तेव्हा मला पारिजातक, तगर, कण्हेर, मधुमालती, बोगनवेल, गावठी गुलाब, शेवगा, सीताफळ आणि लिंबू हेच पुन्हा पुन्हा दिसले. मग फाटकापाशी थांबून विचारायचं, ‘काकू, हे कुठून आणलं हो?’ कुणी माहेरचं नाव सांगतं, कुणी येवल्याचं, कुणी थेट पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचं. पाच-दहा घरं झाली की एक-दोन नर्सऱ्यांची नावं फिरून फिरून कानावर पडायला लागतात. निम्म्या वेळा तर नर्सरीची गरजच उरत नाही. ‘न्या की एक काडी, त्याला काय विचारायचं?’ असं म्हणून काकू स्वतःच विळा आणतात.

पहिला पाऊस पडला की टेम्पो येतात. चौकात ताडपत्री अंथरून गुलाब, चाफा, ‘बारमाही आंबा’, ‘थायलंडचा पेरू’. यातला बराच माल आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून आलेला असतो. कडियम आणि त्याच्या आजूबाजूची गावं म्हणजे नर्सऱ्यांचाच मुलूख आहे, आणि तिथून ट्रकच्या ट्रक रोपं देशभर जातात. गंमत अशी की आमच्या तालुक्याची दक्षिण कड गोदावरीच्या काठाने जाते आणि कडियमही त्याच गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात आहे. नदी एकच असली तरी तिथली हवा दमट आणि माती गाळाची, चिकट. रोप त्या मातीच्या गोळ्यासकट येतं. तो गोळा तसाच आपल्या काळ्या मातीत पुरला की उन्हाळ्यात विटेसारखा घट्ट होतो, पाणी त्याच्या भोवतीने निघून जातं आणि मुळं आतच कोंडतात. रोपात खोट नसते. त्याला दोन महिने थांबवावं लागतं: आधी सावलीत, मग निम्म्या उन्हात, मग उघड्यावर, आणि गोळा हलक्या हाताने मोकळा करून इथली माती त्याच्याभोवती भरून. चांगला नर्सरीवाला हे थांबणं स्वतःच्या खर्चाने करतो आणि म्हणून रोपाला वीस-तीस रुपये जास्त घेतो. टेम्पोवाल्याला संध्याकाळच्या आत ताडपत्री गुंडाळायची असते.

मला हवा तसा नर्सरीवाला सापडला तो असाच कानोसा घेत. येवल्याच्या बाजूला त्यांची लहानशी जागा आहे, बोर्डही धड वाचता येत नाही. मी मोसंबीची रोपं मागितली तर काकांनी रोपांकडे पाहिलंच नाही.

‘पाणी कसं आहे तुमचं? बोअर का कॅनॉल?’

नांदूर मधमेश्वरचा जलद कालवा आमच्या आणि गंगापूर तालुक्याला पाणी देतो. ज्यांच्या शेताला तो लाभतो त्यांचा प्रश्न वेगळा आणि बोअरवाल्यांचा वेगळा. मग काकांनी रान कसलं, पाऊस झाल्यावर पाणी किती दिवस साचतं, असं सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाले, ‘ताई, मोसंबी नका लावू. डिंक्या रोगानं जाईल. लिंबू लावा, तेही गादीवाफा करून.’ हातातलं गिऱ्हाईक परत पाठवणाऱ्या माणसाकडे मी पुन्हा पुन्हा जाते.

त्या दिवशी त्यांनी लिंबाचंही एक शिकवलं, जे आंब्याच्या घरात वाढल्यामुळे मला कधी नीट कळलं नव्हतं. कागदी लिंबाच्या एका बीतून अनेकदा एकाहून जास्त कोंब निघतात आणि त्यातले बरेचसे आईच्याच गुणाचे असतात. म्हणून चांगल्या झाडाच्या बियांचं रोप पुरतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची साई सरबती मिळाली तर उत्तमच, पण कागदी लिंबाला कलमाचे पैसे मोजू नयेत. मोसंबीचं मात्र डोळा भरलेलंच रोप घ्यायचं आणि खाली खुंट कोणता हे विचारायचं, रंगपूर की जंबेरी. मराठवाड्यातल्या जमिनींना रंगपूर जास्त मानवतो, ताण सोसतो. डोळा जमिनीपासून वीतभर तरी उंच भरलेला हवा आणि लावताना तो जोड मातीत गाडायचा नाही. ओल्या मातीत जोड पुरला की बुरशीला दार उघडंच. मोसंबीसाठी जिल्ह्याबाहेर जायचं तर बदनापूरचं मोसंबी संशोधन केंद्र आहे, आणि जिल्ह्यातच, संभाजीनगरात हिमायतबागेत, परभणीच्या विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र. सरकारी जागेत रोप दिसायला किरटं असतं आणि खिडकीवरचा माणूस जेवायला गेलेला असतो, पण मातृवृक्ष डोळ्यांनी बघता येतो. मला तेवढं पुरतं.

मातृवृक्ष बघणं सर्वांत महत्त्वाचं डाळिंबाला. त्याची रोपं गुटी बांधून करतात, म्हणजे झाडाची फांदीच मुळं फुटवून वेगळी करायची. त्या झाडाला तेल्या रोग असेल तर गुटीतही तो येणार. पान कितीही चकचकीत असो, ज्या बागेतून गुटी आली ती बाग बघितल्याशिवाय डाळिंब घेऊ नये. फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी आपल्याकडे 1969 पासून कायदा आहे, परवाना लागतो. मी पावतीवर जात आणि खुंट दोन्ही लिहून मागते. काही नर्सरीवाले हसतात. लिहून द्यायला का-कू करणाऱ्याकडून मी फार तर शोभेची झाडं घेते.

पाटीवरच्या नावांवर तर कधीच जाऊ नये. ‘लखनौ-49’ वाचून लोकांना वाटतं उत्तरेतून आणलेला पेरू. त्याचं बी मुळात अलाहाबाद सफेदाचं, पण निवड पुण्यात झाली. डॉ. चीमा यांनी गणेशखिंडीच्या बागेत ती केली आणि पुढे त्याला सरदार म्हणू लागले. गणेश डाळिंबही त्यांचंच, त्याच बागेतलं, 1936 मधलं. गोदावरीपलीकडच्या राहात्याच्या पेरूला ज्यांनी नाव मिळवून दिलं त्या बागांत सरदारच आहे. नदीच्या त्या काठावर जे पिकतं ते या काठावर काय म्हणून पिकणार नाही? पण चौकात विचारा, सगळ्यांना थायलंडच हवा.

माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात सॅन होजेला असते. तिचा फोन आला तो कढीपत्त्यासाठी. एवढ्या मोठमोठ्या नर्सऱ्या, पण कढीपत्ता मिळेना, मिळाला तर किंमत ऐकून हात मागे येतो, आणि इथून न्यायचा तर विमानतळावरच काढून घेतील. कारण साधं आहे. संत्र्या-लिंबांच्या झाडांना हिरवेपणाचा रोग पसरवणारी एक बारीक कीड कढीपत्त्यावरही पोसते, म्हणून तिथे लिंबूवर्गीय रोपांबरोबर कढीपत्त्याच्या ने-आणीवरही बंधनं आहेत. तिला हे नियम जाचक वाटतात. मला हेवा वाटतो. रोगमुक्त काडी हवी असेल तर तिथे रिव्हरसाइडच्या विद्यापीठातून रीतसर मागवता येते. इथे मोसंबीची काडी कुणाच्या बागेतून आली हे विचारलं तरी लोकांना राग येतो.

तिलाही मी शेजारची अंगणं बघायलाच सांगितलं. बघते तर गल्लीत अंजीर, डाळिंब, लिंबू, लोकाट! एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने तिला ‘कॅलिफोर्निया रेअर फ्रूट ग्रोअर्स’ या हौशी मंडळींच्या मेळाव्याला नेलं. जानेवारीत झाडं झोपलेली असताना ही मंडळी जमतात, काड्या वाटतात, कलम बांधून दाखवतात. लिंबूवर्गाच्या काड्या मात्र तिथे देत-घेत नाहीत. ती अंजिराच्या काड्या घेऊन आली आणि व्हिडिओ कॉल करून मला म्हणाली, ‘ताई, इथे सगळे काकांसारखेच भेटले. विकत काही नाहीत, नुसते प्रश्न विचारतात.’

राहिला आंबा. हापूस इथे लावावा का, हे मला माहेरवाशीण म्हणून नेहमी विचारतात आणि मी नाही म्हणते. इथला आंबा केसर. तो गिरचा, पण या हवेत रमला, आणि मराठवाडा केसरला आता भौगोलिक मानांकनही आहे. पण खरा प्रश्न जातीपेक्षा मुळाचा आहे. पिशवीत वाढलेल्या कलमाचं सोटमूळ बुडाशी वळतं किंवा तुटतं. कोकणात ते खपून जातं, कारण वरून पाऊस आहे. इथे मे महिन्यात झाडाला खोल जाणारं मूळच तारतं. म्हणून मी कलमं विकत घेणं सोडलं. पावसाळ्याच्या तोंडाशी खड्ड्यात गावरान आंब्याच्या दोन-तीन कोया थेट लावते, त्यातला जोमाचा एक कोंब ठेवते, आणि तो पेन्सिलीएवढा जाड झाला की पुढच्या पावसाळ्यात जागेवरच केसरची काडी बांधते. काडी तीन-चार महिन्यांची, डोळा फुगलेला. आठवडाभर आधी झाडावरच तिची पानं कापून देठ तेवढे ठेवायचे. हात वडिलांनी दिलेला आहे, फक्त खुंट कोवळ्या कोयीचा न राहता वर्षभराचा झाला.

काकांनी हे येऊन बघितलं आणि डोकं खाजवलं. पिशवी विकल्याशिवाय नर्सरी चालणार कशी? मग त्यांनीच मार्ग काढला. आता ते आपल्या केसरच्या झाडांच्या काड्या विकतात आणि शेतावर जाऊन कलम बांधून देण्याची मजुरी वेगळी घेतात. यंदा त्यांनी एका शेतकऱ्याशी, जगलेल्या कलमाचेच पैसे, अशी बोली केली आहे. मी असते तर केली नसती. कलम फुटलं की माझं काम संपलं. उन्हाळ्यात पाणी कोण घालणार ते त्या शेतकऱ्याने बघावं.