निवडून येतो का?

वरकुटे, रात्री नऊ.

पारावर आज पुन्हा तिकिटाची चर्चा. माणूस कसा आहे हे कुणी विचारतच नाही. निवडून येतो का, एवढंच.

२०१९ ला भाजपनं इंदापुरात हाच हिशेब केला. हर्षवर्धन पाटील १९९५ पासून सलग चारदा आमदार, त्यात पहिल्या तीनदा अपक्ष. सप्टेंबरात काँग्रेस सोडून आले, ऑक्टोबरात कमळावर उभे. वर्षानुवर्षं सतरंज्या उचलणारे बघत राहिले. निकाल? दत्तामामा भरणे ३,११० मतांनी पुढे. २०२४ ला हर्षवर्धनभाऊंनी तुतारी घेतली, तरी मामाच आले.

आणि चारित्र्य? आमच्याकडे त्याचं माप म्हणजे सावडायला कोण आलं, डीपी जळाल्यावर फोन कुणी उचलला. हे माप मला खोटं वाटत नाही, अपुरं वाटतं. उमेदवाराचं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. पारावर मोबाइल सगळ्यांच्या हातात, पण ते उघडलेलं अजून पाहिलं नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्याच पक्षांना बजावलं: गुन्हे दाखल असलेल्याला तिकीट दिलंत, तर का दिलं ते वर्तमानपत्रात छापा, नुसतं ‘निवडून येतो’ हे कारण चालणार नाही. मला हे फार आवडलं. चुलत्यांना सांगितलं, तर तंबाखू मळत म्हणाले, “छापतील की! समाजसेवेची आवड, असं लिहायला काय लागतंय?”